‘तिथे पैशाला किंमत नाही’ म्हणे!

काठमांडूचा स्तूप, बालीतली भातखाचरं, थायलंडमधले भगव्या चीवरातले भिक्षू, बोधगयेचं मंदिर अशा फोटोंखाली लांबलचक मजकूर असलेली एक पोस्ट दर काही महिन्यांनी फिरत येते. मजकुराचा सूर ठरलेला: या पुण्यभूमीत पैशाला किंमत नाही, माणसं संसारात अडकत नाहीत, हिंदू-बौद्ध असा भेद कुणाला ठाऊकच नाही आणि हजार वर्षांत तिथलं पानही हललेलं नाही. फोटो छान असतात. मजकूर मात्र तिथल्या माणसांवर अन्याय करतो, कारण त्यांची भक्ती ज्या कष्टांवर आणि हिशेबांवर उभी आहे, तेच तो पुसून टाकतो.

आधी पैसा. त्यासाठी परदेशी जायचीही गरज नाही, नाशिकची पांडवलेणी पुरे. तिथल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. लेणं भिक्षुसंघाला दिलं, एवढं सांगून तो थांबत नाही. ३,००० कार्षापणांची, म्हणजे त्या काळच्या नाण्यांची, ठेवही तो नोंदवतो. त्यातले २,००० विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिक संघाकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने आणि १,००० दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. २,००० चं वर्षाचं व्याज २४०, आणि त्यातून वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यात एकाच जागी मुक्कामाला, राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा. आकडेमोड चोख जुळते. शिवाय हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, जाहीर करून दप्तरी नोंदवल्याचंही लिहिलं आहे. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीची ही कायम ठेवच, आणि तीही देवाधर्माच्या नावाने खडकात कोरलेली!

भिक्षूने सोनं-नाणं हाती घेऊ नये, हा विनयाचा, म्हणजे भिक्षूंच्या आचारसंहितेचा, नियम खराच. पण त्याने पैसा नाहीसा होत नाही, तो सांभाळायला दुसरं कुणीतरी लागतं. काठमांडूच्या खोऱ्यात हे काम नेवार समाजाच्या गुठी नावाच्या धार्मिक संस्था करत आल्या. जमीन देवाच्या नावे लावायची आणि तिच्या उत्पन्नातून दिवाबत्ती, जत्रा, वाजंत्री, डागडुजी चालवायची. २०१९ मध्ये सरकारने गुठींचा कारभार एका प्राधिकरणाखाली आणणारं विधेयक मांडलं, तेव्हा लोक एवढ्या संख्येने रस्त्यावर उतरले की ते मागे घ्यावं लागलं. पैशाला किंमत नसती तर ही गर्दी कशासाठी जमली असती?

आता ‘संसार सोडलेली माणसं’. थायलंडमध्ये असंख्य पुरुष भिक्षू होतात ते ठरावीक काळापुरते, बहुतेकदा पावसाळ्याच्या तीन महिन्यांसाठी, आणि मग चीवर उतरवून परत कामावर जातात. सरकारी नोकराला त्यासाठी १२० दिवसांपर्यंत भरपगारी रजा मिळू शकते. काठमांडूलगतच्या पाटण शहरातल्या शाक्य आणि वज्राचार्य या बौद्ध घरांतली तऱ्हा तर आणखी निराळी. मुलगा मुंडण करून चार दिवस भिक्षू होतो, मग विधिपूर्वक घरी परततो. पुढे लग्न करतो, बहुधा सोनारकामासारखा धंदा करतो, आणि पाळी आली की आपल्या बहालातल्या, म्हणजे विहाराच्या वाड्यातल्या, देवाची पूजाअर्चा सांभाळतो. पोस्टमधल्या व्याख्येत हा माणूस कुठेच बसत नाही.

बालीच्या भातखाचरांचा फोटो तर मला या पोस्टवरचा उत्तम प्रतिवाद वाटतो. ती खाचरं सुबक नावाच्या शेतकरी-मंडळांच्या पाण्यावर पिकतात आणि पाण्याच्या पाळ्या जलमंदिरांच्या पंचांगानुसार ठरतात. एका पट्ट्यातली शेतं एकदम लावायची आणि एकदम पडीक ठेवायची, म्हणजे किडीला खायला काही उरत नाही. १९७० च्या दशकात हरितक्रांतीच्या भरात शेतकऱ्यांना सांगितलं गेलं की पंचांग सोडा, शक्य तितक्या वेळा पीक घ्या. पाण्याची ओढाताण झाली, किडीने धुमाकूळ घातला आणि अखेर जुन्या पाळ्यांकडे वळावं लागलं. म्हणजे मंदिरातला नैवेद्य आणि बांधावरचं पाणी यांची वाटणी एकाच बैठकीतली. संसारापासून दूर असलेली भक्ती ती हीच का?

हिंदू-बौद्ध भेदाचं विधान निम्मं खरं आहे, म्हणूनच जास्त फसवं. नवनाथांच्या कथांतले आपले मच्छिंद्रनाथ पाटणमध्ये पावसाचा देव म्हणून रथात बसतात. त्याच मूर्तीला बौद्ध करुणामय अवलोकितेश्वर म्हणून पूजतात आणि तिचे पुजारीही बौद्ध आहेत. काठमांडूत जिवंत देवी मानली जाणारी मुलगी, कुमारी, ही शाक्य, म्हणजे बौद्ध घरातली. पूजा होते ती तलेजू देवीचं रूप म्हणून. उषवदाताच्या त्याच लेण्यातल्या दुसऱ्या लेखात तीन लाख गाईंच्या दानाचा आणि देव-ब्राह्मणांना दिलेल्या गावांचाही उल्लेख आहे. इथवर ठीक. पण भेद ठाऊकच नाही असं म्हणणाऱ्याने बोधगयेची गोष्ट डोळ्यांआड केली आहे. १९४९ च्या कायद्याने महाबोधी मंदिराच्या व्यवस्थापन समितीत चार हिंदू, चार बौद्ध आणि अध्यक्षपदी जिल्हाधिकारी अशी रचना झाली. जिल्हाधिकारी हिंदू नसेल तर सरकारने दुसरा हिंदू अध्यक्ष नेमावा, अशी तरतूद २०१३ च्या दुरुस्तीपर्यंत होती. मंदिर पूर्णपणे बौद्धांच्या हाती द्यावं ही मागणी जुनी आहे. नागपूरचे भदन्त सुरई ससाई १९९० च्या दशकात या आंदोलनाच्या अग्रभागी होते, आणि २०२५ मध्ये भिक्षू पुन्हा उपोषणाला बसले. ‘आम्ही सगळे एकच’ हे वाक्य म्हणायला कुणाला सोपं जातं, आणि ऐकून कुणाला राग येतो, हे विचारल्याशिवाय ते पुढे पाठवू नये. दीक्षाभूमीच्या राज्यात तर नाहीच नाही.

राहिला ‘काही बदललं नाही’चा मुद्दा. त्याला फार वेळ द्यायला नको. २००८ मध्ये नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने कुमारीचा शिक्षणाचा हक्क मान्य केला, आणि ती आज शिक्षकांकडून शिकते. बोधगयेतला आजचा पिंपळ एकोणिसाव्या शतकात लावलेला आहे. बँकॉकमध्ये नवसाला पावणारा एरावन हॉटेलपाशचा ब्रह्मदेव १९५६ मध्ये बसवला गेला, तोही त्या हॉटेलच्या बांधकामात अपघात होऊ लागले म्हणून! बौद्ध थाई लोक तिथे रांगा लावतात आणि नवस फेडायला पैसे मोजून नर्तकींचा नाच करवतात. बालीत न्येपीच्या मौनाच्या दिवशी विमानतळ चोवीस तास बंद असतो, हे पोस्टमध्ये आवर्जून येतं. त्याच दिवशी २०१८ पासून मोबाइल इंटरनेटही बंद ठेवावं लागतं, हे मात्र त्यात कुठेच येत नाही.