टायर टाका आणि मासे मोजा म्हणे!

काल रात्री अकराला मालवणच्या मामाने एक फॉरवर्ड पाठवला. वर एवढंच: "ह्यां वाच गो." चार दावे होते, समुद्रातल्या प्रवाळाबद्दल, म्हणजे चुन्याचा सांगाडा बांधणाऱ्या चिमुकल्या जिवांबद्दल. प्रवाळ म्हणजे नुसता दगड. तो मेला तरी माशांना फरक पडत नाही (पुरावा म्हणून मेलेल्या प्रवाळाभोवतीच्या माशांचा फोटो). मासेमारी बंद ठेवली की मासे आपोआप वाढतात. आणि एवढीच हौस असेल तर समुद्रात जुने टायर टाका, सहा महिन्यांत प्रवाळ तयार! मामाच्या मित्राने गॅरेजवाल्याकडे टायरची चौकशीही केलीय, म्हणून ही उठाठेव.

टायरचं आधी. हा उद्योग करून झालाय. १९७२ साली फ्लोरिडात, फोर्ट लॉडरडेलसमोर, सुमारे २० लाख टायर गठ्ठे बांधून बुडवले. उद्घाटनाला आकाशातून सोनेरी रंगवलेला टायरही सोडला होता. प्रवाळाला धरायला पक्की जागा लागते. टायर तर पाण्याच्या ओढीने सरकणार. गठ्ठ्यांची बंधनं तुटली आणि सुटे टायर वादळांत शेजारच्या जिवंत प्रवाळावर घासत राहिले. २००७पासून लष्कराचे पाणबुडे ते वर काढायला लागले. हेच आता मालवणात करायचंय? जिथे १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झालं, तिथे?

"नुसता दगड" म्हणणाऱ्याने एकदा डोकं पाण्यात घालावं. अंदमानात शिंगांसारख्या फांद्यांच्या प्रवाळावर बोटभर हिरवट-निळे मासे तरंगत होते. माझ्या हाताची सावली पडली आणि सगळे फांद्यांत गडप. दोन हातांवरच्या गोल, गुळगुळीत प्रवाळावर त्यातला एकही नव्हता. लपणार कुठे? बोटभर फटीत बोटभर मासा वाचतो, कारण हेकरूचं, म्हणजे त्याला गिळणाऱ्या मोठ्या माशाचं, तोंड तिथे शिरत नाही.

बंदीचं म्हणाल तर पापुआ न्यू गिनीच्या किंबे उपसागरात सागरी जीवशास्त्रज्ञ जेफ्री जोन्स आणि सहकाऱ्यांनी आठ वर्षं मासे मोजले. प्रवाळ घटलं तसे ७५ टक्क्यांहून जास्त जातींचे मासे कमी झाले, निम्म्या जाती तर अर्ध्याच्याही खाली आल्या. मासेमारी बंद असलेल्या राखीव क्षेत्रातही तेच. २००४ साली हे छापून आलंय. ज्या जातींची पिल्लं जिवंत प्रवाळावरच येऊन वसतात, त्यांना सगळ्यात जास्त फटका. जाळं थांबवलं, पण पाळणाघरच गेलं.

आता खरं तेही सांगते, नाइलाजाने. प्रवाळ मेलं की मासे लगेच पळत नाहीत. सांगाडा काही वर्षं उभा असतो, त्यावर शेवाळ चढतं, ते खाणारे मासे वाढतातही. फॉरवर्डमधला फोटो तेवढ्यापुरता खरा असेल. पुढे फांद्या मोडून खडी होते, तेव्हाचा फोटो कुणी पाठवत नाही. बांगडा-तारलीला मात्र प्रवाळाशी फारसं देणंघेणं नाही, हे कबूल.

हे सगळं मामाला पाठवलं. दहा मिनिटांनी उत्तर आलं: "मगे त्या टायरांचां काय करूचां?"