आधी नळी!

रिमोटवरची गाडी दहा फूट पळून दम टाकायला लागली, की बोल लागतो तो बॅटरीला. मग मोटारीला, मग 'चायना माल' म्हणून आख्ख्या देशाला. तारांच्या जोडावर संशय घेणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. आता हिशेब बघा. ५० अँपिअर करंटच्या वाटेत १० मिलिओहमचा एक गचाळ जोड आला, तर अर्धा व्होल्ट तिथंच खर्ची पडतो आणि २५ वॉट उष्णता तयार होते. घरातल्या सोल्डरिंग आयर्नवर छापलेला आकडाही बहुतेक २५ वॉटच असतो. म्हणजे गाडीच्या पोटात चालू आयर्न ठेवून आपण मैदानाला चकरा मारतो आणि वर विचारतो, कनेक्टर वितळला कसा?

वितळतो तो जुन्या बॅटरी पॅकचा पांढरा टामिया कनेक्टर, म्हणजे बॅटरी गाडीला जोडणारा प्लग. बिचारा साध्या मोटारीच्या काळातला, १५ अँपिअरच्या आसपास झेपणारा सज्जन. जास्त करंट ओढणारी ब्रशलेस मोटार त्याच्या गळ्यात बांधणं म्हणजे पहिल्याच दिवशी तालमीत आलेल्या पोराला खासबागेच्या मैदानात शेवटच्या कुस्तीला उतरवणं. त्याच्या जागी पिवळा एक्सटी-६० कनेक्टर लावायचा. दहा मिनिटांचं काम, असं विकणारा म्हणतो.

कापताना एका वेळी एकच तार. दोन्ही तारा पकडीत धरून कचकन दाबल्या, की पात्यातूनच शॉर्ट होतो, पकडीला कायमची खोक पडते आणि कापणाऱ्याची भाषा अस्सल कोल्हापुरी होते. तांबडी कापायची, तिचं टोक टेपनं झाकायचं, मगच काळीला हात.

तांबडा-पांढरा ओरपणाऱ्या गावात तांबडी-काळीची गल्लत होऊ नये, पण होते. घराचं वायरिंग करणाऱ्यानं आपल्याला शिकवून ठेवलेलं असतं, काळी म्हणजे न्यूट्रल, 'काय होत न्हाई ओ.' इथं काळी म्हणजे उणे, आणि उलटी लागली तर मोटारीचा वेग सांभाळणारा स्पीड कंट्रोलर धूर सोडतो. मधे फ्यूज बहुधा नसतोच. एक्सटी-६० ची चौकोनी बाजू अधिक, कोपरे छाटलेली बाजू उणे. प्लास्टिकवर खुणाही आहेत, पिवळ्यावर पिवळ्या. दिसल्या तर चष्म्याचा नंबर बरोबर आहे.

आता खरं काम. १२ गेजच्या तारेत तांबं ३.३ चौरस मिलिमीटर, ते उष्णता रश्शासारखी ओढून घेतं. २५ वॉटचा आयर्न तिथं नुसता तार कोमट करत बसतो, आणि आपण टेकवून ठेवतो तेवढ्या वेळात प्लास्टिक मऊ होऊन पीन तिरकी होते. किमान ६० वॉटचा, जाड चपट्या टोकाचा आयर्न घ्या. तार आणि कनेक्टरची वाटी आधी वेगवेगळी सोल्डरनं भिजवून घ्या. पत्र्याच्या कामाची आम्लाची पेस्ट नको, ती तार आतून हिरवी करते. सोल्डर नीट धरावा म्हणून लावायचा तो राळेचा फ्लक्स बरा. कनेक्टरमध्ये त्याचा जोडीदार खोचून ठेवायचा, म्हणजे पिना सरळ राहतात. मात्र जोडीदार सुटा हवा, गाडीला लावलेला नव्हे. मग दोन-तीन सेकंदांत जोड बसवायचा आणि निववायचा. फुंकर मारायची नाही, हलवायचं नाही. हललं तर जोड राखेसारखा, दाणेदार होतो; वरून धरलेला, आतून सुटलेला. आयर्न, सोल्डर, तार, कनेक्टर अशा चार वस्तू आणि हात दोन. माझा तरी देवीच्या अष्टभुजा रूपावरचा विश्वास इथं पक्का होतो.

जोड जमतो. चकचकीत. आणि तेव्हा टेबलावर हीट श्रिंकची नळी, म्हणजे तापवली की आवळून जोड झाकणारी नळी, दिसते, जी तारेत आधी ओवायची होती. पुन्हा जोड सोडवा. दुसऱ्या खेपेला नळी आठवते, पण जोडाजवळच ठेवली जाते आणि उष्णतेनं भलत्याच जागी आवळून बसते. दहा सेंटिमीटर मागं सरकवून ठेवा. नळीऐवजी काळी टेप गुंडाळणारे लोक आहेत. एप्रिलमध्ये तिचा डिंक गुळासारखा पाघळतो, मग कळतं.

दोन पॅक जोडायचे असतील, तर ७.४ व्होल्टचे दोन सिरीजमध्ये १४.८ देतात, पॅरललमध्ये व्होल्ट तेवढेच आणि क्षमता दुप्पट. पॅरललमध्ये एक भरलेला ८.४ वर आणि दुसरा ७ वर असेल, तर १.४ चा फरक. वाटेत २० मिलिओहम धरले तरी ७० अँपिअर भरलेल्यातून रिकाम्यात धावतात. म्हणून आधी मल्टीमीटर. पॅकच्या छोट्या पांढऱ्या बॅलन्स प्लगच्या तीन पिनांवर आतले दोन्ही सेल वेगवेगळे मोजता येतात. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३, हे इथल्या पोराटोरांना पाठ. लायपो (लिथियम पॉलिमर) सेलचं उलटं, तो उतरताना घात करतो: ३.५ व्होल्टला इशारा, ३ ला धोका.

शेवटी प्लग लावताना 'चट' आवाज येऊन ठिणगी पडते. स्पीड कंट्रोलरचे कपॅसिटर भरतात, घाबरू नका. मैदानावर कडेला उभा असलेला हमखास विचारतो,

"किती पळती ओ ही?"

"पंधरा मिनिटं."

"आणि चार्ज व्हायला?"

"तास."

"आणि हे सगळं जोडायला?"