‘साठीनंतर जिने चढू नका’ हा सल्ला मानू नका

‘साठी ओलांडली? मग हे आठ नियम पाळा’ या मथळ्याचा मेसेज गेल्या वर्षभरात मला निदान वीस जणांनी पाठवला असेल. खाली जोडलेले हात, गुलाबाचं फूल आणि ‘आपल्या आईवडिलांना नक्की पाठवा’ अशी विनंती. पाठवणाऱ्याच्या मनात माया असते, त्याबद्दल मला शंका नाही. पण मी गेली चौदा वर्षं डोंबिवली-कल्याण भागात घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देते. माझे बहुतेक पेशंट साठीच्या पुढचे आहेत आणि हा मेसेज खरा मानून चालल्याने काय होतं, ते मी त्यांच्या घरात बसून बघितलंय. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते.

मेसेज थोडक्यात असा: जिने चढू नका, गुडघे झिजतात. आयुष्यभर कष्ट केलेत, आता आराम करा, वजन उचलू नका. जेवण हलकं ठेवा, डाळी-उसळी-अंडी बंद करा. शंभर अधिक आपलं वय एवढं बीपी नॉर्मलच असतं. साधं मीठ सोडून सैंधव खा. रोज चार लिटर पाणी प्या. रात्री अंथरुणातून उठताना साडेतीन मिनिटांचा नियम पाळा. आणि सुखाचा मंत्र म्हणून शेवटी: कमी बोला, कुणाकडून अपेक्षा ठेवू नका.

‘जिने चढू नका’

लिफ्ट नसलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एक काकू. वय ७१. गुडघे अधूनमधून कुरकुरायचे, पण सकाळी दूध, संध्याकाळी भाजी, गुरुवारी दत्ताचं देऊळ अशी त्यांची ये-जा चालू होती. मेसेज वाचला आणि त्यांनी जिना सोडला. भाजीवाल्याला गॅलरीतून हाक मारायची, दोरीला बांधलेली पिशवी खाली सोडायची, वर ओढून घ्यायची. असे सात महिने गेले. मग एक दिवस मोरीच्या उंबऱ्याला अडखळून पडल्या आणि मनगट मोडलं.

प्लास्टर निघाल्यावर मला बोलावलं ते मनगटासाठी. मी आधी त्यांना हात न टेकता खुर्चीवरून उठायला सांगितलं. पुढे झुकल्या, दोनदा हिसका दिला, परत बसल्या. ‘‘ताई, पायच उचलत नाहीत गं,’’ म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले. गुडघ्यांचा एक्स-रे बघितला, तो जुन्या एक्स-रेपेक्षा काही वेगळा नव्हता. गेली होती ती मांड्यांमधली ताकद.

गुडघा म्हणजे स्कूटरचा टायर नव्हे, की ठरावीक किलोमीटर झाले आणि घासून संपला. सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत गादीला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावर दाब पडतो आणि सुटतो, तेव्हा सांध्यातल्या द्रवातून तिला पोषण मिळतं. म्हणजे सांधा हलता राहिला, त्यावर बेताचा भार येत राहिला, तरच तो पोसला जातो. शिवाय गुडघ्यावर येणारा हिसका झेलायचं काम मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूचं. तो दुबळा झाला की तोच हिसका थेट सांध्यावर येतो. म्हणून गुडघेदुखीच्या उपचारात व्यायाम आणि वाढलेलं वजन कमी करणं या दोन गोष्टी जगभर पहिल्या पायरीवर ठेवतात.

मेसेजमधलं खरं तेवढं मान्य करते: सपाट जमिनीपेक्षा जिन्यावर गुडघ्यावर जास्त भार येतो. गुडघा सुजलाय, अडकतोय, अचानक दगा देतोय, अशा वेळी काही दिवस जिना टाळून डॉक्टरांना दाखवावं. पण ‘काही दिवस’ वेगळं आणि ‘साठीनंतर कायमचं’ वेगळं. दुखऱ्या गुडघ्याने जिना कसा करायचा याचीही पद्धत आहे: चढताना चांगला पाय आधी वर, उतरताना दुखरा पाय आधी खाली, एक हात कठड्यावर. काकूंना मी खुर्चीवर दोन उशा ठेवून उठाबस करायला लावली. तीन आठवड्यांनी एक उशी काढली, मग दुसरी. त्यानंतर आम्ही जिन्याकडे वळलो, पहिल्या दिवशी चारच पायऱ्या. पाचव्या महिन्यात त्या भाजीवाल्याच्या गाडीपाशी उभ्या राहून गवार निवडत होत्या. घरी आल्यावर मला म्हणाल्या, ‘‘वरून पिशवी सोडली की तो जून शेंगा घालायचा.’’

‘आता आराम करा, वजन उचलू नका’

या ओळीने सर्वांत जास्त नुकसान होतं, कारण ती ऐकायला सर्वांत गोड आहे.

अमेरिकेत २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सरासरी ६७ वर्षांच्या, चांगल्या धडधाकट माणसांना फक्त दहा दिवस अंथरुणात ठेवलं. त्यांच्या पायांमधलं जवळजवळ एक किलो मांस उतरलं. दहा दिवसांत! घरात कुणी तापाने आठवडाभर झोपून उठलं की ‘अजून थोडे दिवस पडून राहा’ असं आपण म्हणतो, तेव्हा मला हा आकडा आठवतो.

उलट बाजूचा पुरावा त्याहून जुना आणि तितकाच पक्का आहे. १९९० साली बोस्टनमधल्या एका शुश्रूषागृहातल्या नव्वदीच्या घरातल्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे पावणेतीन पट झाली. ही माणसं काठी-वॉकर घेऊन फिरणारी, नाना आजार असलेली होती. नव्वदीतला स्नायूही कामाला लावला की जागा होतो, हे तेव्हा दिसलं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात ६५ वर्षांपुढच्यांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं दम लागेल इतपत हालचाल सांगितली आहे. ती बहुतेकांना माहीत असते, कारण सकाळचं फिरणं त्यात बसतं. पुढचं मात्र कुणी सांगत नाही: आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा. नुसतं फिरून मांडीची ताकद फारशी वाढत नाही. जिममध्येच जायला हवं असं नाही. खुर्चीवरून उठाबस, ओट्याला धरून टाचा उचलणं, पाण्याची लिटरची बाटली हातात घेऊन कोपरातून हात वाकवणं, ओट्यापाशीच एका पायावर दहा आकडे मोजेपर्यंत उभं राहणं, एवढ्याने सुरुवात होते. व्यायामाने वयस्क माणसांचं पडणं सुमारे २३ टक्क्यांनी कमी होतं, असं १०८ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतल्यावर २०१९ मध्ये दिसून आलं. पडणं टळलं की खुब्याचं हाड वाचतं, आणि खुब्याचं हाड मोडल्यावर घर कसं बदलतं, ते ज्यांनी बघितलंय त्यांना मी वेगळं सांगायला नको.

स्वतःची परीक्षा घरीच घ्या. भिंतीला टेकवलेली, हात नसलेली खुर्ची, हात छातीवर आडवे. तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून बसता येतं ते मोजा. पासष्ट ते एकोणसत्तर या वयात पुरुषांना बारापेक्षा आणि बायकांना अकरापेक्षा कमी जमलं, तर पडण्याचा धोका वाढलाय असं समजायचं. शेजारी कुणाला तरी उभं करा, एकट्याने करू नका. हृदयविकार असेल किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

‘हलकं जेवा, डाळी-उसळी-अंडी बंद’

वय वाढतं तशी भूक मंदावते हे खरं. पण स्नायू टिकवायला लागणारी प्रथिनं उतारवयात कमी नाही, जास्त लागतात. तरुणाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम पुरतात असं आपल्याकडचं राष्ट्रीय पोषण संस्थेचं २०२० चं प्रमाण सांगतं. वयस्क माणसांसाठी या विषयातले तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम सांगतात. म्हणजे साठ किलोच्या आजींना साठ ते बहात्तर ग्रॅम.

आता बहुतेक घरांमधल्या आजींचा दिवस बघा. सकाळी चहा-खारी, दुपारी दोन पोळ्या, भाजी आणि वरणाची एक वाटी, रात्री मऊ भात-ताक. बेरीज केली तर तीस ग्रॅम गाठताना मारामार. यात पेलाभर दूध घातलं तर आठ ग्रॅम, एक अंडं सहा, मूठभर शेंगदाणे सहा, मटकीची वाटीभर उसळ साधारण सात. कोकणातल्या माणसाला बांगडा कशाला सोडायला सांगता? शंभर ग्रॅममध्ये वीसच्या आसपास प्रथिनं आहेत त्यात.

‘पचत नाही’ हे उत्तर मी रोज ऐकते. थोडं खोदून विचारलं की पुष्कळदा ‘चावत नाही’ निघतं. कवळी सैल झालेली असते, दाढ हलत असते, आणि ते सांगायचा संकोच. अशा वेळी दातांचे डॉक्टर गाठायचे. तोवर उसळ शिट्टी जास्त देऊन ठेचून द्या, दाण्यांचं कूट करा. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

‘शंभर अधिक वय, एवढं बीपी नॉर्मल’

हा मुद्दा सरळ सरळ जिवाशी खेळणारा आहे. ७२ वर्षांच्या एका काकांनी याच हिशेबाने गोळी बंद केली होती. व्यायामाआधी मी बीपी मोजलं तर वरचा आकडा १६८. मला समजावत म्हणाले, ‘‘शंभर आणि बहात्तर, एकशे बहात्तर. चार कमीच आहे की!’’ मी त्या दिवशी व्यायाम घेतला नाही, त्यांच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला.

ही समजूत हवेतून आलेली नाही. वयानुसार रक्तवाहिन्या ताठर होतात आणि त्यांतून रक्त ढकलायला जास्त दाब आवश्यकच असतो, असं एकेकाळी डॉक्टरही मानत. ‘इसेन्शियल हायपरटेन्शन’, म्हणजे शब्दशः ‘आवश्यक उच्च रक्तदाब’, या नावात तो जुना समज अजून शिल्लक आहे. पण ते चूक होतं हे चाचण्यांनी दाखवलं. २००८ सालच्या हायव्हेट चाचणीत ऐंशी वर्षांपुढच्या ३,८४५ जणांना घेतलं होतं. ज्यांचं वाढलेलं बीपी गोळ्यांनी १५०/८० पर्यंत आणायचा प्रयत्न केला, त्यांच्यातले एकूण मृत्यू २१ टक्क्यांनी कमी झाले. फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधी थांबवली. मेसेजच्या हिशेबाने ऐंशीच्या माणसाला १८० पर्यंत सूट आहे!

प्रत्येकाचा आकडा त्याच्या डॉक्टरांनीच ठरवायचा. अगदी अशक्त, उभं राहिल्यावर चक्कर येणाऱ्या माणसाला तो थोडा सैल ठेवतात. आपलं काम नीट मोजण्याचं: पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, पाय जमिनीवर, दंड छातीच्या उंचीला, आधी अर्धा तास चहा नाही. आणि गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही.

सैंधव आणि चार लिटर पाणी

सैंधव हेही बहुतांशी सोडियम क्लोराइडच, म्हणजे मीठच. रंग गुलाबी आहे म्हणून बीपी काही सूट देत नाही. वर आयोडीनचं मीठ सुटतं ते वेगळंच. मीठ कुठलंही असो, दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे लोणचं-पापडासकट जेमतेम एक चमचा.

पाण्याचं म्हणाल तर उतारवयात तहान कमी लागते, म्हणून आठवणीने पाणी प्यावं हे बरोबर. पण हृदय कमजोर असलेल्या किंवा मूत्रपिंडाच्या पेशंटला चार लिटर पाणी पाजलं तर अंगावर सूज येऊन धाप लागू शकते. सर्वांना एकच माप नाही.

साडेतीन मिनिटं

हा एक सल्ला ठेवण्यासारखा आहे. झोपेतून उठताना थोडं पडून राहा, कुशीवर वळून पलंगाच्या कडेला बसा, पाय खाली सोडा, मग उभे राहा. झटकन उठलं की काही जणांचं बीपी एकदम उतरतं आणि तोल जातो, विशेषतः बीपीच्या किंवा प्रोस्टेटच्या काही गोळ्या चालू असतील तर. घड्याळ लावून साडेतीन मिनिटं मोजायची गरज नाही. त्यापेक्षा पलंग ते संडास या वाटेवर रात्रभर एक छोटा दिवा चालू ठेवा आणि पायपुसणं उचलून टाका.

‘कमी बोला, अपेक्षा ठेवू नका’

मुलांच्या प्रत्येक निर्णयात पडू नये हे ठीक. पण म्हातारपणी गप्प बसणं हाच सुखाचा मार्ग, हे वाचून मला राग येतो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने २०२४ मध्ये डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा, धोका वाढवणाऱ्या, पण हाताळता येण्याजोग्या चौदा गोष्टी मांडल्या. त्यांत एकटेपणा आहे आणि कमी ऐकू येणंही आहे.

एका घरी आजोबांच्या कंबरेसाठी जात होते. सूनबाई कौतुकाने सांगायच्या, ‘‘बाबा किती समजूतदार झालेत हो, आता कशातच बोलत नाहीत.’’ मी आजोबांसमोर उभी राहून आकडे मोजले की त्यांचा व्यायाम बरोबर चालायचा. कंबर धरायला मागे गेले की ते थांबायचे. दोन-तीनदा असं झालं तेव्हा माझ्या लक्षात आलं, ते माझे ओठ वाचत होते. कान तपासले, दोन्ही कानांना मशीन लागलं. ज्या दिवशी लावून आले, त्या दिवशी दिवाणखान्यात बसल्या बसल्या वर बघून म्हणाले, ‘‘हा पंखा एवढा खडखडतो, आणि मला कुणी सांगितलं नाही?’’

पुढच्या आठवड्यात मी गेले तेव्हा कॅरम मांडलेला होता. मला हातानेच थांबायची खूण करून ते नातवाला दरडावत होते, ‘‘क्वीन कव्हर झालेली नाही. ठेव परत मध्ये.’’