निळा : २५५

मुखपृष्ठ निळं असावं, एवढीच माझी इच्छा होती. गेल्या पंधरा वर्षांत लिहिलेले लेख गोळा करून पुस्तक काढायचं ठरवलं होतं. खर्च स्वतःचा, त्यामुळे मुखपृष्ठही स्वतःच्याच हातचं. लॅपटॉपवर रंगाची चौकट उघडली आणि आकडे भरले: लाल ०, हिरवा ०, निळा २५५. यात चुकायला जागाच नव्हती. प्रत्येक रंगाला ० पासून २५५ पर्यंत पायऱ्या, तिघांच्या मिळून १,६७,७७,२१६ छटा, आणि त्यातला सगळ्यात निळा निळा मी उचलला होता. त्याच्यापुढे लॅपटॉपचंही काही चालत नाही. पडद्यावर तो असा पेटला, की आतले लेख कसे आहेत हे मी दोन मिनिटं विसरलो.

फाइल बायकोला पाठवली. शेजारच्या खोलीतून आवाज आला, "छान आहे रे. पण इतकं मळकट का केलंस?"

धावत गेलो. तिच्या फोनवर डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून संध्याकाळनंतर निळा प्रकाश कमी करणारी सोय चालू होती. म्हणजे निळं मुखपृष्ठ दाखवायला मी घरातला नेमका तो फोन गाठला होता, ज्याला निळ्याचं पथ्य होतं. ती सोय बंद केली, तर तिचा निळा माझ्या निळ्याहून भडक! कारण फोन 'विव्हिड'वर. माझ्या फोनवर तिसराच. ऑफिसातल्या मॉनिटरवर समोरून बरा दिसायचा, पण खुर्ची जरा मागे रेलली की फिकट. बघणाऱ्याची मान वळली की रंग बदलणारे काही सहकारी आमच्याकडे आहेतच, त्यात मॉनिटरची भर पडली.

म्हटलं, पडद्यांचं सोडा, पुस्तक कागदावर येणार आहे. घरच्या प्रिंटरवर काढून बघू. तर पिवळी शाई संपली म्हणून प्रिंटर अडून बसला. मला पिवळा नकोच होता. चिडून नुसतं काळं पान छापायला दिलं, तरी नाही. चार जणांच्या एकत्र कुटुंबात एकाने अन्न सोडलं की चूलच पेटत नाही, तसलं काहीतरी. नवी कार्ट्रिज आणली, आणि मग त्याने एक पान बाहेर ढकललं.

"अरे वा," बायको म्हणाली, "जांभळा छान आलाय."

या वाक्याने पुढचे तीन आठवडे माझा पिच्छा पुरवला.

छापखान्यात गेलो. तिथल्या ऑपरेटरने फाइल उघडली आणि डॉक्टर एक्स-रे बघून करतात तसा "च्च" केला. "सर, आरजीबीत पाठवलीत." आरजीबी म्हणजे रेड, ग्रीन, ब्लू: पडद्याची भाषा. गुन्हा कबूल केला. तो म्हणाला, "स्क्रीन उजेड फेकतो आणि शाई उजेड खाते. तुमचा निळा उजेडाचा आहे, तो आमच्या डब्यात नाही."

डब्यात काय आहे, तर सायन (हिरवट आकाशी), मॅजेंटा (गडद गुलाबी), पिवळी आणि काळी. पांढऱ्या कागदावर पडलेल्या उजेडातून सायनने लाल भाग गिळायचा, मॅजेंटाने हिरवा, पिवळीने निळा. जे उरेल ते आपल्या डोळ्यांकडे परत. या हिशेबाने सायन आणि मॅजेंटा एकत्र केल्या की लाल गेला, हिरवा गेला, निळा उरायला हवा. पण शायांना पथ्यपाणी कळत नाही. फक्त हिरवा खा असं बजावलेली मॅजेंटा गुपचूप निळ्यावरही हात मारते. सायनही तशी धुतल्या तांदळासारखी नाही. दोघींच्या पंगतीतून निळा उरतो तो असा उष्टा आणि अंधारलेला, वर मॅजेंटाची लाली. झाला जांभळा.

"मग काळी शाई कशाला?" मी विचारलं. कोळसा उगाळावा तितका काळाच, अशी आपली म्हण आहे. पण सायन, मॅजेंटा आणि पिवळी या तिघींना कितीही उगाळा, काळा येत नाही. गढूळ तपकिरी काहीतरी येतं. म्हणून चौथी काळी वेगळी ठेवावी लागते.

त्याने उपाय सांगितला, "मॅजेंटा सायनपेक्षा तीस टक्के तरी खाली ठेवा." ठेवली. प्रूफ, म्हणजे नमुन्याचं पान, आलं. या वेळी रंग निळा होता, हे कुणीही नाकारलं नसतं. पण कार्बन पेपर निळा असतो, तसा निळा.

मग मी तेच केलं जे शहाण्या माणसाने करू नये: रात्र जागून वाचलं. रंग आकड्यांत पकडायची व्यवस्था १९३१ साली सीआयई या प्रकाशविषयक आंतरराष्ट्रीय आयोगाने ठरवली. त्यासाठी 'प्रमाण डोळा' हवा होता. तो कुठून आणला? ब्रिटनमधल्या दोन संशोधकांकडून: राइट यांनी दहा जणांचे डोळे तपासले होते, गिल्ड यांनी सात जणांचे. एकूण १७. सतरा जणांना विचारून आलो, असं आपण उगीच ठोकून देतो. इथे खरंच मोजून सतरा जणांना विचारलं आणि साऱ्या जगाचा डोळा ठरला. त्या सतरांत माझ्या बायकोसारखं कुणी असतं, तर निळा आणि जांभळा यांच्यामधली सीमा आज कुठल्या कुठे असती.

पुढे १९९३ मध्ये आठ कंपन्यांनी मिळून आयसीसी नावाची संस्था काढली, कारण एका यंत्राचा निळा दुसऱ्याला कळेना. उपाय असा, की प्रत्येक यंत्राने आपली एक 'प्रोफाइल' बाळगायची. मी कोणता रंग दाखवू शकतो, कोणता नाही, याचं प्रतिज्ञापत्रच. कल्पना उत्तम. फक्त जो रंग यंत्राला येतच नाही, त्याचं प्रोफाइल तरी काय करणार? जवळचा येणारा रंग त्याच्या जागी बसवते.

सगळ्यात दिलासा भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने दिला. १८६१ मध्ये त्याने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये रंगीत छायाचित्र दाखवलं. एका चौकडीच्या फितीचे लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधून वेगवेगळे फोटो काढून ते पडद्यावर एकावर एक पाडले होते. लोक थक्क झाले. गंमत म्हणजे त्या काळच्या काचेवरच्या रसायनाला लाल रंग दिसतच नव्हता. शंभर वर्षांनी, १९६१ मध्ये, कोडॅकच्या संशोधकांनी उलगडा केला: लाल फिल्टरमधून अतिनील किरणही निसटत होते, फितीतला लाल भाग ते किरण परावर्तित करत होता, आणि काचेवर उमटला तो त्यांचाच ठसा. म्हणजे रंगीत छायाचित्रणाच्या जन्माच्या दिवशीच लालच्या नावावर भलताच कुणी हजेरी लावून गेला होता. तिथे माझ्या निळ्याची काय कथा.

फोटोग्राफर मित्राकडून कॅलिब्रेशनचं यंत्र मागून आणलं. पडद्याला बिलगून बसणारा एक काळा बटू. तो लॅपटॉपकडून एकेक रंग म्हणवून घेतो, मोजतो, आणि शेवटी एक प्रोफाइल लिहून देतो. मग मित्राने सांगितलं तसं 'सॉफ्ट प्रूफ' चालू केलं, म्हणजे छपाई कशी येईल ते पडद्यावर आधीच दिसतं. क्लिक केलं आणि माझा पेटलेला निळा माझ्या डोळ्यांदेखत विझला. प्रूफ शेजारी धरलं. तंतोतंत! तीन आठवड्यांच्या खटपटीला यश आलं होतं: कागद सुधारला नव्हता, लॅपटॉप बिघडवून कागदाच्या पातळीवर आणला होता. मित्र म्हणाला, "यालाच कलर मॅनेजमेंट म्हणतात." व्यवस्थापनाबद्दल माझा ऑफिसातला अनुभवही असाच आहे.

शेवटचं प्रूफ छापखान्यातल्या खास दिव्याखाली पाहिलं. ५००० केल्विनचा, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा पांढरा दिवा, प्रूफ बघायचं ते त्याच्याखालीच. तिथे रंग खरोखर बरा वाटला. सही केली. घरी आणून बैठकीतल्या पिवळ्या दिव्याखाली धरलं, पुन्हा मरगळला. खिडकीत नेलं, सुधारला. जिन्यात वेगळा, स्वयंपाकघरात वेगळा. पुस्तकाबरोबर एकेक दिवाही द्यावा, असं क्षणभर मनात आलं.

पुस्तक आलं. गठ्ठा सोडून पहिली प्रत बायकोच्या हातात दिली. तिने ती उलटीपालटी केली, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि संसाराचा अनुभव असल्यामुळे फक्त "कागद छान आहे" म्हणाली.

आठवड्याने एका जुन्या मित्राचा मेसेज आला. त्याने पुस्तक टेबलावर ठेवून फोनने फोटो काढला होता. "लेख अजून वाचले नाहीत, पण मुखपृष्ठाचा निळा काय सुरेख आलाय!" फोटो उघडला. कॅमेऱ्याने आपल्या मनाने उजेड सावरून, रंग चढवून घेतले होते. माझ्या फोनवर तो निळा होता, पेटलेला, लाल ०, हिरवा ०, अगदी पहिल्या दिवशीचा. मी ताबडतोब फोटो बायकोला पाठवला.

शेजारच्या खोलीतून आवाज आला, "हे कसलं रे मळकट?"

घड्याळात पाहिलं. संध्याकाळ उलटून गेली होती.