पीएसटीचा माळा

आपल्या कार्यालयात रोज दोनशे-अडीचशे मेल येत असतील आणि ते सारे आपण आउटलुक या मायक्रोसॉफ्टच्या मेल-प्रोग्रॅममध्ये घेत असाल, तर सर्वप्रथम एक निश्चय करावा : एकही मेल म्हणून पुसायचा नाही. इनबॉक्सशेजारी न वाचलेल्या मेलांची पाच अंकी संख्या झळकत असली, की आपण किती कामात आहोत हे वेगळे सांगावे लागत नाही. पाहुणे आल्यावर स्क्रीन तेवढा थोडा त्यांच्याकडे वळवावा. कोणी हटकलेच, तर 2013 चा कंपनी कायदा पुढे करावा. त्यानुसार हिशेबाची पुस्तके आणि व्हाउचर आठ आर्थिक वर्षे जपावी लागतात. मग ‘कॅन्टीनमध्ये आज मिसळ संपली आहे’ हा मेल पुढेमागे ऑडिटर मागणारच नाहीत, याची हमी कोणी द्यावी?

हे मेल नेमके साठतात कुठे, याची चौकशी मात्र करू नये. पॉप पद्धतीचे, म्हणजे मेल सर्व्हरवरून आपल्याकडे उतरवून घेणारे खाते असेल तर ते सगळे आपल्याच संगणकावरच्या पीएसटी नावाच्या एका फाइलीत जाऊन पडतात. ही फाइल म्हणजे घरचा माळा : टाकणारे सगळे, काढणारा कोणी नाही. आउटलुक 2002 पर्यंत या माळ्यावर 2 जीबीच मावत असे. त्याहून जास्त झाले की फाइल उघडेनाशी होई, आणि मग मायक्रोसॉफ्टनेच दिलेल्या एका साधनाने तिचा काही भाग छाटून टाकावा लागे. छाटलेल्या भागात कोणाची ऑर्डर गेली, हे ज्याच्या त्याच्या नशिबावर. पुढे 2003 च्या आवृत्तीत मर्यादा 20 जीबी झाली आणि 2010 च्या आवृत्तीत 50 जीबी, तेव्हा रस्ता रुंद केल्यावर पुण्यातल्या वाहतुकीचे जे होते तेच आपल्या फाइलीचे होऊ द्यावे. शिवाय मेल पुसले तरी ती लगेच लहान होत नाही, त्यासाठी ‘कॉम्पॅक्ट’ करून मधली रिकामी जागा काढून टाकावी लागते. म्हणजे न पुसण्याच्या आपल्या तत्त्वाला शास्त्राधारही आहे. ही फाइल सर्व्हरवर ठेवून नेटवर्कवरून उघडू नका, असे मायक्रोसॉफ्ट वर्षानुवर्षे सांगत आले आहे, पण सांगणाऱ्यांनी आपली केबिन थोडीच पाहिली आहे?

नियम जरूर लावावेत. ‘इन्व्हॉइस’ हा शब्द असलेला प्रत्येक मेल आपोआप एका वेगळ्या फोल्डरात जावा, अशी सोय केली की तो फोल्डर पुन्हा उघडावा लागत नाही. बिल थकल्याचे पुरवठादार स्वतःच फोन करून कळवतात.

विषयाच्या ओळीला हात लावणे मात्र पाप समजावे. ज्याला लिहायचे त्याचा एखादा जुना मेल काढून त्यालाच उत्तर द्यावे, म्हणजे पत्ता टाइप करण्याचे कष्ट वाचतात. माझ्याकडे भोसरीच्या एका ग्राहकाची चारशे पितळी बुशांची ऑर्डर, तिचे सुधारित ड्रॉइंग, दरावरून झालेली घासाघीस आणि शेवटी माल परत पाठवण्याची तंबी, हे सारे ‘आरई : आरई : एफडब्ल्यू : दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा’ या एकाच विषयाखाली गुण्यागोविंदाने नांदत होते. सर्चमध्ये ‘बुश’ टाकले तर ऑर्डर सापडत नसे, कारण ती स्कॅन करून जोडलेल्या पीडीएफमध्ये होती. ‘दिवाळी’ टाकले तर गेल्या नऊ वर्षांच्या पणत्या रांगेने उजळत.

अशी निगा राखल्यावर एखाद्या सोमवारी सकाळी फाइल उघडत नाही. घाबरू नये. बॅकअप घेतलेला नसतोच, तेव्हा तो शोधण्यात वेळ न दवडता स्कॅनपीएसटी हा पीएसटी दुरुस्त करणारा मायक्रोसॉफ्टचाच प्रोग्रॅम चालवावा. तो आठ टप्प्यांत तपासणी करतो, आणि फाइल आपल्यासारखी भरलेली असेल तर मधल्या वेळात जेवण, चहा आणि साहेबांची बोलणी असे तिन्ही कार्यक्रम सावकाश उरकतात. धागा तुटलेले जे सामान हाती लागते, ते तो ‘लॉस्ट अँड फाउंड’ नावाच्या फोल्डरात आणून टाकतो. मी तो उघडला तेव्हा मिसळ संपल्याचा मेल सर्वांत वर सुखरूप होता. ऑर्डर नव्हती.

अशा वेळी ग्राहकाला अदबीने फोन करावा आणि म्हणावे, “साहेब, ती ऑर्डर तेवढी पुन्हा एकदा फॉरवर्ड करता का? आमच्याकडे सर्व्हरचा जरा प्रॉब्लेम आहे.” साहेब क्षणभर गप्प होतात, मग शोधून पाठवतो म्हणतात, आणि चौथ्या दिवशी खरोखरच मेल येतो. विषय : ‘एफडब्ल्यू : आरई : आरई : एफडब्ल्यू : दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा’. पीडीएफ जोडायची राहिलेली असते.