'आर्क रॉयल' : एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. 'आर्क रॉयल' नावाच्या पाच ब्रिटिश युद्धनौकांवर मी लिहिलं, त्याखाली तुम्ही म्हणता की वेगवेगळ्या नौका एका माळेत ओवून 'सव्वाचारशे वर्षांची अखंड परंपरा' म्हणणं ही निव्वळ जाहिरातबाजी आहे. वर टोला असा, की आजोबा तालमीत गेले म्हणून नातू पहिलवान होत नाही.

आधी कबुली देतो. 'अखंड' चुकलंच. पहिली आर्क सर वॉल्टर रॅलेसाठी बांधली होती. १५८७मध्ये ती एलिझाबेथ राणीने घेतली आणि पुढच्याच वर्षी स्पॅनिश आरमाराविरुद्ध ती लॉर्ड हॉवर्डची ध्वजनौका झाली. पण १६०८मध्ये तिची पुनर्बांधणी झाली तेव्हा जेम्स राजाच्या राणीवरून तिचं नाव 'ॲन रॉयल' ठेवलं गेलं. १६३६मध्ये स्वतःच्याच नांगरावर आपटून ती बुडाली. (काय हा शेवट!) तिचं जुनं नाव पुन्हा दिसतं ते थेट १९१४मध्ये, म्हणजे ३०६ वर्षांनी. लेखातला शब्द खोडला आहे.

नातवाचं मात्र पटत नाही. नातू आपोआप पहिलवान होत नाही हे खरं, पण आजोबांचं नाव लावून आखाड्यात उतरलेल्या पोराला पाठ टेकवायची लाज जरा जास्तच वाटते. आरमारात नाव ठेवतात ते त्या लाजेसाठी. नाव नुसतं शोभेचं असतं, तर १९३४मध्ये दुसऱ्या आर्क रॉयलचं, चालू नोकरीत असताना, 'पेगासस' असं नव्याने बारसं कशाला केलं असतं? येऊ घातलेल्या विमानवाहू नौकेसाठी नाव मोकळं हवं होतं. ती बिचारी पुढे महायुद्धातही राबली, पण पेगासस म्हणूनच.

आणि ते नाव घेणारी तिसरी! जर्मन रेडिओने १९३९मध्येच तिला बुडवून टाकलं होतं. 'कुठे आहे आर्क रॉयल?' असं विचारत राहायचे. २६ मे १९४१ला तिची स्वोर्डफिश विमानं, कापड ताणलेली, दुपंखी, 'बिस्मार्क' या जर्मन युद्धनौकेवर निघाली. पहिल्या खेपेला खराब हवेत चुकून आपल्याच 'शेफील्ड' या ब्रिटिश नौकेवर टॉर्पेडो सोडून आली. नशीब, की त्या टॉर्पेडोंचे चुंबकीय स्फोटक (जहाजाच्या चुंबकत्वाने फुटणारे) बिघडलेले होते. काही टॉर्पेडो पाण्यात पडताच फुटले. ते पाहून दुसऱ्या खेपेला आपटल्यावर फुटणारे टॉर्पेडो लावले आणि त्यातल्या एकाने बिस्मार्कचं सुकाणू जायबंदी केलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात जिब्राल्टरजवळ जर्मन पाणबुडीने आर्कला खरोखर बुडवलं. जवळपास दीड हजार माणसांपैकी मेला फक्त एक.

चौथी १९५५ची. १९७०च्या दशकाच्या अखेरीस ती निवृत्त होणार म्हटल्यावर लोक इतके हळहळले, की 'इनडॉमिटेबल' नावाने बांधायला घेतलेल्या नौकेचं नाव बदलून आर्क रॉयल करावं लागलं. ती पाचवी, १९८५मध्ये दाखल, २०११मध्ये निवृत्त. तिच्या मानाच्या लढायांच्या यादीत 'आर्माडा १५८८', म्हणजे पहिल्या आर्कची ती स्पॅनिश आरमाराविरुद्धची लढाई, पहिली होती. उसनी पदकं म्हणा हवं तर. मी त्याला वारसा म्हणतो, आणि वारशात कर्जही येतं.

'ब्रिटिशांचंच कौतुक का?' हेही विचारलंत. आपल्याकडे तेच चालतं. जुनी विक्रांत मुंबईत मोडीत निघाली, तेव्हा माझ्याही पोटात तुटलं होतं. २०२२मध्ये कोचीत बांधलेली नवी विक्रांत दाखल झाली ती त्याच आर११ क्रमांकासह. तिच्यावर स्वतंत्र लिहीन, तिथेही भांडायला या.