पाण्याखाली जाणारा पूल

परवा घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दादाने पुण्यातल्या बंडगार्डनजवळच्या नव्या नदीकाठाचे फोटो टाकले. घडीव पायऱ्या, कठडा, दिवे. खाली ओळ : "बघ गं, तुझं नेदरलँड्स आता इथेच!" मी नायमेखनला राहते, वाल नदीपासून सायकलने पाच मिनिटांवर. उत्तर द्यायला हात शिवशिवले.

पुण्यात नदीकाठ सुधार प्रकल्पावरून चांगलीच जुंपली आहे. मुळा, मुठा आणि संगमानंतरची मुळा-मुठा मिळून ४४ किलोमीटरचं काम. पालिका म्हणते, पूर आटोक्यात येईल. विरोधक म्हणतात, भराव टाकून पात्रच आवळताय. आणि "परदेशात जाऊन बघा" हे दोन्ही बाजूंचं हुकमी वाक्य.

बघितलंय, म्हणून सांगते. वाल आमच्या गावाशी झपकन वळते आणि चिंचोळी होते. १९९५ च्या पुरात बांध फुटतील या भीतीने वाल आणि आसपासच्या नद्यांच्या काठची जवळजवळ अडीच लाख माणसं हलवावी लागली होती. शतकानुशतकं बांध उंच करत आलेल्या या लोकांनी त्यानंतर उलटंच केलं. पलीकडे लेंट गावाच्या बाजूचा बांध ३५० मीटर मागे नेला आणि मधल्या जमिनीत नदीला दुसरा फाटा खणून दिला. त्यासाठी पन्नासेक घरं पाडली. मोठ्या पुरात पाणी त्यामुळे ३५ सेंटिमीटरने कमी चढतं. दीड वीत पाण्यासाठी एवढा खटाटोप! दादाला आवडणाऱ्या फोटोंत हा मागे सरकलेला बांध कधी दिसत नाही, दिसतात ते कॅफे.

त्या नव्या पात्रात एक पादचारी पूल आहे, मुद्दाम बुडेल असा बांधलेला. नदी चढली की आधी वाट जाते, मग फक्त दगडांची रांग उरते. लोक पँटी वर करून दगडांवरून उड्या मारत जातात, मुलं किंचाळतात. मला पुण्यातला मुठेवरचा बुटका भिडे पूल आठवतो. खडकवासल्यातून पाणी सोडलं की बाबा स्कूटरवर बसवून तो "गेला का" ते बघायला न्यायचे, शेंगा खात.

इथले लोक संत नाहीत. गाईगुरांच्या शेणमुतातल्या नायट्रोजनने रानं खराब झाली, २०१९ मध्ये न्यायालयाने सरकारला फटकारलं, तर गुरं कमी करावी लागतील म्हणून शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर महामार्गावर आणले. निसर्गाला जागा द्यायची म्हटलं की इथेही घसे कोरडे पडतात.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. दादाचं उत्तर तासाभराने आलं : "एकतानगरीतली माणसं कुठे नेऊन ठेवू?" २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या त्या सोसायट्यांत पाणी शिरलं, तेव्हा तो ओळखीच्यांना बाहेर काढायला गेला होता. प्रश्न चोख आहे. पन्नास घरांची किंमत मोजून देणं वेगळं, आणि कर्ज काढून पूररेषेत फ्लॅट घेतलेल्या माणसाला, ज्याला ती रेषा कुणी दाखवलीच नाही, "ऊठ" म्हणणं वेगळं. पण म्हणून उरलेल्या मोकळ्या पात्रात आणखी भराव का, हे मी त्याला विचारलंय. दोन निळ्या खुणा दिसतायत, उत्तर नाही.

आमच्या गल्लीतल्या आजोबांचं घर त्या पन्नासांत होतं. पैसे व्यवस्थित मिळाले. तरी फिरायला गेलो की पाण्यातल्या एका जागेकडे काठी करून म्हणतात, तिथे आमचं नासपतीचं झाड.